झाकली मूठ कुणाच्या कामाची?

गेल्या महिन्यात बालगृहं चालवणाऱ्या संस्थांच्या एका मेळाव्याला गेले होते. व्यासपीठावर एक ज्येष्ठ संस्थाचालक कळकळीने बोलत होते. त्यांचं अर्धं आयुष्य या कामात गेलं आहे आणि त्यांच्या कष्टांबद्दल मला आदर आहे. तरीही त्यांचं बोलणं ऐकताना मी अस्वस्थ होत गेले. सभागृहात टाळ्या पडल्या तेव्हा तर जास्तच.

त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. बिहार सरकारने बाहेरच्या लोकांना बोलावून संस्थांची चौकशी करून घेतली आणि तिथून या क्षेत्राला दृष्ट लागली. 110 संस्थांपैकी 17 ठिकाणी गंभीर प्रकार आढळले, पण तोंड काळं झालं सगळ्यांचं. तपासण्या पूर्वीपासून होतच होत्या. मुलांचं काय, कुणी पढवलं की ती वाटेल ते सांगतात. सेवा करणाऱ्यावर असा संशय घेतला तर चांगली माणसं हे काम सोडून जातील, संस्थांना टाळं लागेल आणि मुलं रस्त्यावर येतील. शेवटी ते म्हणाले, घरातलं उणंदुणं चव्हाट्यावर आणू नये; झाकली मूठ सव्वा लाखाची.

यातला एकेक मुद्दा मला खोडायचा आहे, कारण ही केवळ एका माणसाची मतं नाहीत. सरकारी कचेऱ्यांत, विश्वस्तांच्या बैठकांत, देणगीदारांच्या दिवाणखान्यांत मी हेच ऐकत आले आहे. बिहारमध्ये झालं त्यावरून अनेकांनी नेमका उलटा धडा घेतला आहे : झाकण उघडलंच नाही तर वास येत नाही.

आधी, बिहारमध्ये झालं काय ते पाहू.

राज्याच्या समाजकल्याण विभागाने 2017 मध्ये आपल्या निवासी संस्थांचं सामाजिक अंकेक्षण (सोशल ऑडिट) करायचं ठरवलं आणि ते काम मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेच्या ‘कोशिश’ या गटाकडे दिलं. मुंबईत भिक्षेकरी गृहातल्या माणसांबरोबर काम करताना या गटाची जडणघडण झालेली. बंद दाराआडच्या माणसाशी बोलायचं कसं, हे त्यांना ठाऊक होतं. मोहम्मद तारिक यांच्या नेतृत्वाखाली त्यांनी 35 जिल्ह्यांतल्या 110 संस्था पाहिल्या. एप्रिल 2018 मध्ये अहवाल विभागाच्या हाती आला. 17 संस्थांबद्दल त्यात गंभीर चिंता नोंदवलेली होती आणि मुजफ्फरपूरचं बालिकागृह त्यांपैकी एक होतं. तिथल्या मुलींना मोकळी जागाच नव्हती. जेवणाच्या वेळेपुरतं काय ते खोलीबाहेर पडता येई. हिंसाचार होत असल्याचं मुलींनी स्वतः सांगितलं होतं.

31 मे रोजी गुन्हा नोंदवला गेला. पुढे वैद्यकीय तपासणीत 42 पैकी 34 मुलींवर लैंगिक अत्याचार झाल्याचं निष्पन्न झालं. हे बालिकागृह चालवणाऱ्या संस्थेचा कर्ताधर्ता ब्रजेश ठाकूर एका वर्तमानपत्राचा मालक होता. त्याचं घर, छापखाना आणि बालिकागृह ही तिन्ही एकाच आवारात. ऑगस्टमध्ये समाजकल्याण मंत्री मंजू वर्मा यांना राजीनामा द्यावा लागला. तपास सीबीआयकडे गेला. फेब्रुवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खटलाच बिहारबाहेर, दिल्लीच्या साकेत न्यायालयात हलवला. जानेवारी 2020 मध्ये 20 पैकी 19 आरोपी दोषी ठरले आणि पुढच्या महिन्यात ठाकूरला मरेपर्यंत कारावासाची शिक्षा झाली.

दोषींची यादी नीट पाहिली पाहिजे. जिल्ह्याच्या बालकल्याण समितीचा अध्यक्ष त्यात आहे आणि एक सदस्यही. बाल संरक्षण अधिकारी आहे. जिल्हा बाल संरक्षण कक्षातली एक वरिष्ठ अधिकारी आहे. अत्याचाराची खबर न दिल्याबद्दल ती दोषी ठरली. मुलींची देखभाल करण्यासाठी पगारावर नेमलेल्या स्त्रियाही आहेत. म्हणजे मुलगी ज्यांच्याकडे तक्रार घेऊन जाणार, त्यांच्यातलेच कितीतरी जण आरोपीच्या पिंजऱ्यात उभे होते. कुंपणानेच शेत खाल्लं, असं आपण सहज म्हणून जातो. इथे कुंपण, राखणदार आणि पाटील अशा तिघांनी मिळून शेत खाल्लं.

तेव्हा ‘तपासण्या होतच होत्या’ या मुद्द्यापासून सुरुवात करते, कारण बाकीचे सगळे मुद्दे त्याच्याच आधारावर उभे आहेत.

हो, होत होत्या. कायद्यात त्यांची काही उणीव नाही. 2015 च्या बाल न्याय कायद्याच्या कलम 54 प्रमाणे तपासणी समितीने तीन महिन्यांतून किमान एकदा प्रत्येक संस्थेला भेट द्यायची असते. समितीत किमान तिघं हवेत, त्यांत एक स्त्री आणि एक वैद्यकीय अधिकारी. बालकल्याण समितीने तर महिन्यातून किमान दोन भेटी द्यायच्या. मुजफ्फरपूरच्या त्या आवारातही भेटी झाल्या होत्या, पानं भरली होती, शेरे मारले गेले होते. पुढे सीबीआयने बिहारमधल्या या 17 संस्थांच्या संदर्भात 71 अधिकाऱ्यांवर कारवाईची शिफारस केली. त्यांत 25 जिल्हाधिकारी होते. भेटींचा आकडा मुलींना वाचवणारा असता, तर त्या कधीच वाचल्या असत्या.

मग त्या भेटींत दिसत काय होतं? याचं उत्तर मी स्वतःपुरतं देऊ शकते, कारण अशा भेटीवर मीही गेले आहे.

काही वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या गावी मुलींच्या संस्थेत तपासणी पथकाबरोबर मी गेले होते. आम्ही येणार हे दोन दिवस आधी कळवलेलं होतं. अंगणात सडा, रांगोळी. मुलींनी स्वागतगीत म्हटलं. कार्यालयात रजिस्टरं मांडून ठेवलेली : हजेरी, आहार, वजन-उंची, औषधं, भेटी. तीन महिन्यांची आहार नोंदवही एकाच शाईत, एकाच हाताने, एका बैठकीत लिहावी तशी लिहिलेली होती. शयनगृहात बाईस पलंग आणि त्यांवर नव्या कोऱ्या चादरी. घडीच्या आडव्या-उभ्या रेघा अजून उमटलेल्या. प्रत्येक पलंगाशेजारी एकेक मुलगी उभी. मी एकीला म्हटलं, “बस ना गं.” तिने अधीक्षकबाईंकडे पाहिलं आणि ती पलंगावर न टेकता खाली फरशीवर बसली. दुसऱ्या मुलीने अगदी हळू आवाजात मला विचारलं, “ताई, तुम्ही गेल्यावर चादरी परत द्यायच्या का?”

अधीक्षकबाई दारातच उभ्या होत्या. त्या हसल्या. आम्हीही हसलो. त्यानंतर चहा-पोहे झाले आणि मी फॉर्मवर लिहिलं : ‘स्वच्छता समाधानकारक. बिछाने पुरेसे.’

त्या संस्थेत मुलींचे हाल होत होते की नव्हते, हे मी आजही सांगू शकत नाही, आणि माझा सगळा आक्षेप याच्याशीच आहे. तीन तास तिथे काढून, सही करून, गाडीत बसून मी परत आले आणि मला काहीही कळलेलं नव्हतं. जिने विचारलं त्या मुलीला तिच्या प्रश्नाचं उत्तरही मिळालं नाही. अशा भेटीला तपासणी म्हणायचं आणि मग त्याच भेटींचा दाखला देऊन वेगळी चौकशी नको म्हणायचं, हे मला मान्य नाही.

‘कोशिश’च्या माणसांनी वेगळं काय केलं? त्यांच्याकडे ना पोलिसी अधिकार होते, ना छुपे कॅमेरे. रजिस्टरं त्यांनीही पाहिली. पण ते मुलांजवळ बसले, कर्मचारी समोर नसताना त्यांच्याशी बोलले आणि मुलांनी सांगितलेलं त्यांनी लिहून काढलं. मुंगेरच्या बालगृहात गालावर जखमेचा लांब व्रण असलेला एक मुलगा त्यांना भेटला. अधीक्षकासाठी स्वयंपाक करायला नकार दिल्याचं ते बक्षीस होतं. गालावरचा व्रण काही लपून राहत नाही. त्याआधी भेट देऊन गेलेल्यांनाही तो दिसला असता. त्या मुलासमोर बसून ‘हे काय लागलं रे बाळा?’ एवढं विचारणारं कुणीतरी हवं होतं.

आता ‘110 पैकी फक्त 17’ हा मुद्दा. हा हिशेब मांडणाऱ्यांना मी एकच विचारते : तुमच्या ओळखीच्या शंभर शाळांपैकी पंधरा शाळांत मुलांना मारझोड होते किंवा त्याहून भयंकर काही घडतं असं कळलं, तर तुम्ही उरलेल्या पंच्याऐंशींचं अभिनंदन करत बसाल का? शिवाय शाळेतलं मूल संध्याकाळी घरी येतं आणि आईच्या कुशीत शिरून सांगतं. बालगृहातलं मूल संध्याकाळी तिथेच असतं. ज्याच्याविरुद्ध सांगायचं, त्याच्याच हातून त्याला रात्रीचं ताट मिळायचं असतं.

उरलेल्यांचं चित्रही काही उजळ नाही. राष्ट्रीय बालहक्क आयोगाने 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर देशभरातल्या 2,874 बालगृहांच्या पाहणीचा अहवाल ठेवला. चांगला शेरा मिळालेल्या संस्था त्यात 54 होत्या. बाकी सगळीकडे अत्याचार होतात, असा याचा अर्थ मी मुळीच काढत नाही. कुठे नोंदी नाहीत, कुठे जागा अपुरी, कुठे कर्मचारी कमी. पण निष्काळजीपणा आणि अत्याचार यांच्यात भिंत नसते, पडदा असतो. जिथे मुलाचं वजन कुणी खरंच करत नाही, तिथे त्याच्या अंगावरचा वळही कुणी पाहत नाही.

बदनामीबद्दल तर मला उलटच वाटतं. ‘कोशिश’च्या अहवालात चांगलं काम करणाऱ्या संस्थांचीही दखल आहे, आणि ते काम चांगलं आहे हे आपण विश्वासाने म्हणू शकतो, कारण पाहणाऱ्यांनी तिथेही मुलांनाच विचारलं होतं. नेकीने काम करणाऱ्या संस्थेला याहून मोठं प्रशस्तिपत्र दुसरं कोणतं? ‘समाधानकारक’ हा माझा शेरा तिच्या काय कामाचा? तो तर सगळ्यांनाच मिळतो. झाकल्या मुठीत खरोखर सव्वा लाख असतील, तर ती उघडल्यावर ते जगाला दिसतील. मूठ झाकून ठेवण्याचा फायदा ज्याच्या हातात काही नाही त्यालाच होतो, आणि ज्याच्या हाताला रक्त लागलं आहे त्याला तर सर्वांत जास्त.

‘मुलं वाटेल ते सांगतात’ हा मुद्दा मला सगळ्यांत जास्त दुखावतो. मुलं खोटं बोलतात का? बोलतात. खाऊ चोरला तर, अभ्यास केला नाही तर. पण माझा अनुभव असा की आश्रितपणात वाढलेलं मूल जे खोटं सर्वांत जास्त वेळा बोलतं, ते असतं, ‘सगळं छान आहे, ताई.’ ते खोटं आपण विनातक्रार लिहून घेतो. पढवणारे बाहेरून येतात असं म्हणणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावं की मुलाला पढवायला बाहेरच्याला एक दुपार मिळते, आतल्याला वर्षाचे 365 दिवस.

आपल्या महाराष्ट्रातलंच उदाहरण घ्या. पनवेलजवळ कळंबोलीच्या एका संस्थेतल्या बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलींवरचे अत्याचार 2011 मध्ये उघडकीस आले. ज्यांचं बोलणं कुणी प्रमाण मानणार नाही, अशाच त्या मुली होत्या. 2013 मध्ये मुंबईच्या सत्र न्यायालयाने संस्थेच्या संस्थापकासह सहा जणांना दोषी ठरवलं. मुलांचं बोलणं आंधळेपणाने खरं माना, असं मी म्हणत नाही. ते ऐकून घ्या, पडताळा आणि मग ठरवा. न ऐकताच ‘काहीही सांगतात’ म्हणणं म्हणजे साक्षीआधीच निकाल देणं.

आणि ‘चांगली माणसं सोडून जातील’? माणसं सोडून जातात हे खरं आहे, पण ती का जातात हे मला ठाऊक आहे. अनुदान महिनोन्‌महिने थकतं. काळजीवाहक बाईला तुटपुंजा पगार, तोही तीन-तीन महिने उशिरा. एका बाईच्या अंगावर चोवीस तास तीस मुलं. रात्री दोनला कुणाला ताप भरला तर रिक्षाचे पैसे तिने पदरचे घालायचे. संस्थाचालकांची ही गाऱ्हाणी शंभर टक्के खरी आहेत आणि त्यासाठी ते मंत्रालयावर मोर्चा नेणार असतील तर मी पहिल्या रांगेत चालेन. पण हीच गाऱ्हाणी खऱ्या चौकशीची गरज सिद्ध करतात. नुसती रजिस्टरं पाहणाऱ्या पथकाला ही बाई कधी दिसलीच नाही. तिच्याशी एकांतात बोलणारा माणूस सरकारला लिहून कळवेल की इथे मुलांचे हाल होतात त्याला अर्धं कारण तुमचं थकलेलं अनुदान आहे. सरकारने संस्थांना झोडायचं आणि स्वतः नामानिराळं राहायचं, अशी चौकशी मला नको आहे. पैसे देणारा, परवाना देणारा आणि देखरेख करणारा तोच असेल, तर चौकशीत पहिली उलटतपासणी त्याचीच व्हायला हवी.

बिहारमध्ये ही उलटतपासणी टाळायचा प्रयत्न झाला. अहवाल हाती येऊन गुन्हा नोंदवायला महिना उलटला. इतर 16 संस्थांबाबत राज्याच्या पोलिसांनी इतका मऊपणा दाखवला की नोव्हेंबर 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला तीही प्रकरणं सीबीआयकडे सोपवावी लागली. तरीही त्या सरकारच्या एका निर्णयाचं श्रेय मी त्याला देते : त्याने स्वतःच्या घराचं दार बाहेरच्यांना उघडून दिलं. त्यानंतर जे घडलं त्याला दार उघडणं जबाबदार नाही. दार बंद होतं त्या वर्षांचं ते देणं होतं.

शेवटचा आणि सर्वांत वजनदार मुद्दा : संस्था बंद पडल्या तर मुलं जातील कुठे? यावर मी घाईने उत्तर देणार नाही. संस्थेला रातोरात टाळं ठोकून मुलांना गाडीत कोंबून तिसऱ्याच जिल्ह्यात नेऊन टाकणं हाही एक अत्याचारच आहे, आणि कारवाईच्या नावाखाली तो होतो. मुलाची शाळा सुटते, मैत्रिणी सुटतात. आपण बोललो म्हणून हे झालं, हा धडा ते मनाशी घेऊन जातं. तो धडा घेतलेलं मूल पुन्हा कुणासमोर तोंड उघडत नाही.

पण मुजफ्फरपूरच्या मुलींबाबत पुढे काय झालं तेही पाहा. सर्वोच्च न्यायालयाच्या सांगण्यावरून ‘कोशिश’च्या गटाने त्या मुलींशी पुन्हा बोलून त्यांच्या पुनर्वसनाचा विचार मांडला, आणि सप्टेंबर 2019 मध्ये न्यायालयाने 8 मुलींना त्यांच्या घरच्यांकडे सोपवायला परवानगी दिली. त्या मुलींना घर होतं! मूल संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय असावा, हे तर बाल न्याय कायद्याचं तत्त्वच आहे. ‘कुठे जातील?’ हा प्रश्न मूल दाखल होतानाच विचारला गेला पाहिजे, आणि दर काही महिन्यांनी पुन्हा. तो फक्त चौकशीला विरोध करतानाच आठवत असेल, तर त्यात मुलांची काळजी किती आणि माणशी अनुदानाची किती, हे ज्याचं त्याने स्वतःला विचारावं.

मला जी चौकशी हवी आहे ती अवघड नाही, महागही नाही. भेट न कळवता द्यावी, आणि कधीतरी रात्री नऊलाही द्यावी. पथकात त्या जिल्ह्याच्या प्रशासनाशी, त्या संस्थेच्या अनुदानाशी काडीचाही संबंध नसलेली माणसं असावीत. मुलांशी बोलताना दारात अधीक्षक उभ्या नसाव्यात. तक्रारपेटीची किल्ली संस्थेच्या कपाटात नसावी. गुन्ह्याचा संशय येईल अशी गोष्ट कळली तर ती काही तासांत पोलिसांकडे जावी. मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या पॉक्सो कायद्याने खबर देणं सक्तीचंच केलं आहे. मुलांची ओळख झाकून अहवाल लोकांसमोर यावा. आणि बोललेल्या मुलाला भेटायला पंधरा दिवसांनी तोच माणूस परत यावा, बोलल्यामुळे मुलावर काय बेतलं हे पाहायला. ही शेवटची गोष्ट कुठल्याच नमुन्यात नसते, आणि मुलासाठी तीच सर्वांत मोलाची असते.

मे 2017 मध्ये, मुजफ्फरपूर उघडकीस येण्याच्या वर्षभर आधी, सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. मदन लोकूर आणि न्या. दीपक गुप्ता यांच्या खंडपीठाने तामिळनाडूतल्या अनाथालयांच्या प्रकरणात देशभरातल्या बालगृहांची नोंदणी आणि सामाजिक अंकेक्षण व्हावं, असे आदेश दिले होते. म्हणजे मी काही नवं मागत नाही. सांगून झालेलं, लिहून झालेलं मनापासून करा, एवढंच मागते आहे.

त्या ज्येष्ठ संस्थाचालकांना माझी हात जोडून विनंती आहे. तुमची संस्था चांगली आहे असं मी ऐकते, आणि ते खरंच असावं. मग पुढच्या मेळाव्यात तुम्हीच उठून सांगा, ‘माझ्याकडे न कळवता या, माझ्या मुलांशी माझ्या माघारी बोला.’ तुमच्या एका वाक्याने जे होईल, ते माझ्यासारखीच्या दहा लेखांनी होणार नाही.

आणि मी? मला त्या बाईस पलंगांच्या खोलीत पुन्हा जायचं आहे. माझ्या हातातल्या फॉर्मवर बिछाने किती, उशा किती, पंखे किती यांसाठी रकाने होते. पलंग असताना मुलगी फरशीवर का बसते, यासाठी रकाना नव्हता. म्हणून मी ते लिहिलं नाही. कागदाच्या मागच्या बाजूला भरपूर कोरी जागा होती.